पंप उतरवण्याआधी

भरलेली गाडी खंबाटकीचा घाट चढायला लागते आणि निम्म्यावर दम सोडते. ड्रायव्हर गिअर उतरवतो, अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवतो, तरी इंजिन उचल घेत नाही. बाजूला घेऊन पाच-दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू होते, थोडं अंतर नीट ओढते आणि परत तेच रडगाणं. जमलेल्या चार माणसांतला एक जण ठामपणे सांगून टाकतो, "पंप गेला." मग पंप उतरवला जातो, कॅलिब्रेशनला टाकला जातो, गाडी दोन-तीन दिवस उभी राहते. एकाच गाडीवर घर चालवणाऱ्या मालकाला बिलापेक्षा हे उभं राहणं जास्त महागात पडतं. पंप बसवून गाडी पुन्हा घाटाला लागते आणि पुन्हा तिथेच थांबते, कारण दोष टाकीत असतो.

पंप खरंच जातो, पण एका दिवसात जात नाही. तो झिजतो. त्याची लक्षणं महिनोन्महिने दिसत असतात: अ‍ॅव्हरेज घसरतं, इंजिन गरम असताना सेल्फ जास्त वेळ मारावा लागतो, चढाला ताकद हळूहळू कमी होत जाते. कालपर्यंत ठीक असलेली गाडी आज रस्त्यात बसली असेल, तर पंपाकडे सगळ्यात शेवटी वळावं.

इथे मी बोलतोय ते कॉमन रेल आणि सेन्सर यायच्या आधीच्या ट्रकांबद्दल. टाटांच्या टेल्कोने १९५४ साली जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. पुढे टाटा १२१० सारख्या गाड्यांत जे ६९७ इंजिन घराघरात ओळखीचं झालं, त्याच्या नावातच त्याची मापं आहेत: सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर व्यास. १९८६ साली आलेल्या ४०७ मधलं ४९७ म्हणजे त्याच व्यासाचे चार सिलिंडर. या इंजिनांच्या बगलेला बसवलेला इनलाइन पंप बहुतेक मायकोचा, म्हणजे बॉशच्या बंगळूरच्या कंपनीचा. बॉशने असे पंप १९२७ मध्ये कारखान्यात बनवायला सुरुवात केली आणि मूळ रचना पुढची कित्येक दशकं फारशी बदलली नाही. म्हणूनच आजही अशी गाडी दोन-चार पाने, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पारदर्शक नळीचा तुकडा एवढ्या सामानावर तपासता येते. लॅपटॉप लागत नाही. डोकं शांत ठेवावं लागतं.

आधी डिझेलची वाट समजून घेऊ. टाकीत तळाशी एक नळी उतरलेली असते, तिच्या टोकाला जाळी. तिथून चासीच्या कडेने लाइन पुढे येते ती फीड पंपापर्यंत. फीड पंप मोठ्या पंपाच्याच अंगावर बसवलेला असतो आणि त्याच्याच कॅमशाफ्टवर चालतो. हाताने दाबायचा हँड प्रायमर त्यालाच जोडलेला. फीड पंपातून डिझेल दोन फिल्टरांत जातं, आधी जाडसर गाळणारा, मग कागदी. तिथून पंपाच्या गॅलरीत. गॅलरीत जास्तीचं झालेलं डिझेल ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून टाकीकडे परत फिरतं आणि हवं तेवढं प्रत्येक सिलिंडरचा प्लंजर जाड लोखंडी पाइपातून नोझलकडे ढकलतो. २४०० आरपीएमला प्रत्येक नोझल सेकंदाला २० वेळा फवारतं आणि एका फवाऱ्यात डिझेल असतं थेंब-दोन थेंब.

या वाटेवर दाब तीन प्रकारचा असतो आणि सगळा शोध या तीन दाबांवर उभा आहे. टाकीपासून फीड पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं, म्हणजे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी. फीड पंपापासून गॅलरीपर्यंत ते ढकललं जातं, साधारण एक-दोन बारने. आणि प्लंजरपासून नोझलपर्यंत दाब चढतो दोनशे बारच्या आसपास. दुसऱ्या भागात जोड सैल असला तर डिझेल बाहेर ठिबकतं, डोळ्यांना दिसतं. तिसऱ्या भागात गळालं तर फवारा उडतो, पाइप ओला होतो, इंजिन मिसिंग मारतं. पण पहिल्या भागात जोड सैल असेल तर बाहेर काहीच गळत नाही. उलट हवा आत ओढली जाते. वरच्या बाजूला भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस प्यावा तसं होतं, ओढणाऱ्याचा दोष नसतो आणि ग्लासातही रस भरपूर असतो. लाइन कोरडी दिसते म्हणून मिस्त्री पुढे सरकतो आणि नेमका दोष मागे राहतो.

डिझेलमध्ये हवा शिरली की काय होतं? डिझेल जवळपास दाबलं जात नाही; प्लंजर वर आला की त्याचा धक्का तसाच्या तसा नोझलपर्यंत पोचतो आणि सुई उचलली जाते. मध्ये बुडबुडा असेल तर प्लंजरची सगळी मेहनत तो बुडबुडा दाबण्यात जाते, दाब दोनशेपर्यंत चढतच नाही आणि सुई बसल्या जागेवरून हलत नाही. म्हणून हवा थोडी असली तर इंजिन अडखळतं आणि जास्त असली तर बंदच पडतं.

आता गाडी स्टार्टच होत नाही असं धरून चालू. पाना हातात घेण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली, स्टॉप केबल. जुन्या टाटांत नॉब ओढून इंजिन बंद करतात. केबल आतून गंजली की नॉब आत गेलेला दिसतो, पण पंपावरचा स्टॉप लिव्हर अर्ध्यातच अडकलेला असतो. एकाने केबिनमधून नॉब आत-बाहेर करावा, दुसऱ्याने लिव्हर पूर्ण परततो का ते बघावं. एवढ्या एका केबलमुळे दुसऱ्या गाडीने ओढून आणलेल्या गाड्या कमी नाहीत.

दुसरी गोष्ट, धूर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकांना उटी लावलेली. एक माणूस सायलेन्सरच्या मागे बघत उभा आणि दुसऱ्याने सेल्फ मारायचा, एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही. मध्ये सेल्फला निवू द्यायचं. सायलेन्सरमधून काहीच निघालं नाही तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढुरका धूर निघतोय पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचतंय, जळत नाही. मग कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा डिझेलमधलं पाणी बघायचं. या एका खुणेवर कामाची दिशा ठरते आणि अर्धा दिवस वाचतो.

धूर नाही, म्हणजे डिझेल वाटेत कुठेतरी थांबलंय. आता टाकीकडून पुढे यायचं, पंपाकडून मागे नाही. टाकीचं झाकण उघडताना हवा आत ओढली गेल्याचा आवाज आला, तर झाकणाचा श्वास बंद झालाय. टाकीतलं डिझेल जसजसं कमी होतं तसतशी त्या जागी हवा यायला हवी. ती आली नाही की आत पोकळी तयार होते आणि फीड पंपाने कितीही ओढलं तरी तो हरतो. गाडी उभी केली की हवा हळूहळू आत शिरते आणि पुन्हा स्टार्ट होते. घाटात थांबून-थांबून चालणाऱ्या गाडीचं एक कारण हे. सुई आणि रॉकेलने झाकणाचं भोक साफ करणं, एवढाच इलाज.

त्याच लक्षणाचं दुसरं कारण टाकीच्या आत असतं. भरताना आत पडलेलं चिंधीचं टोक, प्लॅस्टिकचा तुकडा, जुन्या टाकीच्या गंजाचे पापुद्रे. इंजिन जोरात ओढायला लागलं की ते तरंगत जाऊन नळीच्या जाळीवर चिकटतं आणि इंजिन बंद पडलं की सुटून खाली बसतं. तपासायची सोपी रीत म्हणजे लाइन फीड पंपापाशी सोडून टाकीच्या दिशेने हलकी हवा मारायची, झाकण उघडं ठेवून. टाकीत बुडबुड्यांचा मोकळा आवाज आला तर वाट साफ. पण यानंतर गाडी सुधारली म्हणून काम संपलं असं समजू नये. ढकललेला कचरा टाकीतच आहे. टाकी उतरवून धुवावीच लागते.

हवा कुठून शिरते हे शोधायला मला सगळ्यात भरवशाची वाटते ती कॅनची चाचणी. पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ, गाळलेलं डिझेल घ्यायचं, कॅन पंपापेक्षा उंचावर घट्ट बांधायचा आणि टाकीकडून येणारी लाइन सोडून तिच्या जागी कॅनमधून आलेली नळी फीड पंपाला जोडायची. हवा काढून इंजिन स्टार्ट करायचं आणि उभ्या जागी काही वेळ रेस द्यायची. व्यवस्थित चाललं, तर टाकी ते फीड पंप या टप्प्यातच दोष आहे. तसंच अडखळत राहिलं, तर टाकीकडचा सगळा भाग सुटला आणि पुढे बघायचं. एका कॅनने निम्मी प्रणाली बाजूला काढता येते.

दोष टाकीकडे निघाला तर पारदर्शक नळी कामाला येते. फीड पंपाच्या आधी लाइनमध्ये वीतभर नळी जोडायची आणि इंजिन चालू असताना तिच्यात बघायचं. सुरुवातीला काही बुडबुडे जाणारच; पण मिनिटभरानंतरही बारीक बुडबुड्यांची रांग थांबत नसेल तर हवा मागून येतेय. मग एकेक जोड बघायचा. बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर पुन्हा-पुन्हा वापरून कडक झालेले असतात. रबरी होज क्लिपखाली तडकलेला असतो. वरून बरा दिसतो, वाकवला की बारीक भेगा उघडतात. चासीच्या क्लॅम्पखाली लोखंडी लाइन घासून तिला टाचणीएवढं भोक पडलेलं असतं. आणि एक खूण ड्रायव्हरकडूनच मिळते: टाकी भरलेली असताना त्रास नाही, निम्म्याखाली आली की सुरू होतो. असं असेल तर टाकीच्या आतल्या उभ्या नळीला चीर आहे. डिझेल त्या चिरेच्या खाली उतरलं की नळी हवा घ्यायला लागते. सकाळी सेल्फ खूप वेळ मारावा लागतो, स्टार्ट होऊन दहा सेकंदांत बंद पडते आणि दुसऱ्यांदा घेते, ही खूणसुद्धा हवेचीच. रात्रभरात लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरलेलं असतं.

कॅन लावूनही फरक पडला नाही तर फीड पंप. त्याच्या आत एक पिस्टन, एक स्प्रिंग आणि दोन छोटे व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या बैठकीवर कचऱ्याचा कण बसला तरी तो ओढायचं थांबतो. पुढचा पाइप सोडून, खाली भांडं धरून सेल्फ मारावा: ठोक्याठोक्याने जोरकस धार आली तर पंप ठीक, नुसतं पाझरलं तर उघडून साफ करायचा. काही गाड्यांत फीड पंपाच्या तोंडाशी छोटी काचेची वाटी आणि जाळी असते; ती वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. आणखी एक बघावं. काहीही न टाकता इंजिन ऑइलची पातळी वाढत असेल आणि ऑइल पातळ होऊन डिझेलचा वास मारत असेल, तर फीड पंपाचा दांडा झिजून डिझेल आत उतरतंय असा संशय घ्यावा. ही गोष्ट टाळू नये. पातळ ऑइलवर बेअरिंग टिकत नाहीत.

फिल्टरबद्दल सगळेच बोलतात, म्हणून एवढंच सांगतो. नवा कागदी फिल्टर बसवताना त्याच्या मधल्या भोकात वरून डिझेल ओतू नका. मधलं भोक म्हणजे गाळून झालेली बाजू. तिथे ओतलेलं सगळं न गाळता सरळ पंपात जातं. प्लंजर आणि बॅरल यांच्यात जागा असते जेमतेम काही मायक्रॉन. तिथे डोळ्याला न दिसणारा कणही ओरखडा काढतो. प्रायमरने भरायला पाच मिनिटं जास्त लागतात, ती लागू द्यावीत. वाटीची रबर रिंग जुनीच परत घालण्याची काटकसरही नको.

फिल्टर उघडला की हवा काढणं आलंच आणि हे काम निम्म्या ठिकाणी घाईत उरकलं जातं. क्रम महत्त्वाचा. आधी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हँड प्रायमर मारायला लागायचं. सुरुवातीला प्रायमर पोकळ लागतो, हाताला काहीच विरोध नाही. मग स्क्रूपाशी फसफस सुरू होते, पांढरट फेस येतो, फेसातले बुडबुडे मोठे होतात, विरळ होतात आणि एका क्षणी सलग, स्वच्छ धार लागते. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. आधी हात थांबवून मग आवळला तर तेवढ्यात हवा परत आत जाते. नंतर हेच पंपाच्या गॅलरीवरच्या स्क्रूला. गॅलरी भरली की प्रायमर जड होतो, अंगठ्याला ते स्पष्ट कळतं. शेवटी नोझलकडचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारायचा, नटाशी डिझेल ठिबकायला लागलं की आवळायचे. काम झाल्यावर प्रायमरची मूठ खाली दाबून पक्की फिरवायला विसरू नये, नाहीतर तीच हवा घेते.

प्रायमर मारून हात दुखले तरी तो जड होत नाही, असं झालं तर ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह बघा. आतली स्प्रिंग थकली की गॅलरीत दाब राहत नाही, सगळं डिझेल परतीच्या वाटेला लागतं. मोकळी गाडी पळते, भरलेली ओढत नाही. पंपाच्या मानाने हा भाग किरकोळ किमतीचा आणि बदलायला एक पाना लागतो. पंप उतरवायला सांगणाऱ्या प्रत्येकाला आधी हा व्हॉल्व्ह बघितलात का, एवढं विचारावं.

पावसाळ्यात यात पाण्याची भर पडते. निम्म्या रिकाम्या टाकीत रात्री दमट हवा थंड होऊन आतून घाम धरते, पाणी जड असल्याने तळाला बसतं, म्हणजे नळीच्या तोंडापाशीच. कोकणात चालणाऱ्या गाड्यांनी मुक्कामाला टाकी शक्य तेवढी भरून ठेवावी आणि सकाळी इंजिन हलवण्याआधी टाकीचा तळाचा प्लग व फिल्टरचा ड्रेन थोडा सोडावा. निघालेलं डिझेल काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं की पाण्याचा थर तळाला वेगळा दिसतो. थरांच्या मध्ये काळपट, बुळबुळीत पडदा दिसला तर पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढलीय. फिल्टर परत परत तुंबण्याचं ते कारण असतं. भेसळीच्या डिझेलचाही त्रास पंपालाच होतो. प्लंजरला वंगण डिझेलचंच, वेगळं ऑइल तिथे पोचत नाही आणि रॉकेलमध्ये तो गुण कमी.

जुने चालक विचारतात की, हे नवं डिझेल आमच्या पंपाला सोसतं का. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडे डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालायचं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाच्या डिझेलमध्ये ते दहा लाखांत दहा भाग एवढंच. गंधक काढताना डिझेलचा वंगणगुणही कमी होतो, पण रिफायनरीत तो पूरक रसायन घालून भरून काढतात, त्यामुळे घरगुती मिश्रणं करायची गरज नाही. त्रास झालाच तर जुन्या रबरी सीलना होतो. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियात डिझेल बदललं तेव्हा जुन्या पंपांचे फुगलेले सील आकसून गळायला लागले होते. वीस-तीस वर्षांचा पंप ओला दिसू लागला तर आधी सील बदलावेत. पंप तेवढ्याने बाद ठरत नाही.

इंजिन चालतंय पण मिसिंग आहे, धूर काळा आहे, तर नोझलकडे वळायचं. इंजिन आयडलला ठेवून एकेका नोझलचा नट क्षणभर सैल करायचा. नटावर चिंधी धरायची, डोळ्यांना चष्मा हवा आणि उघड्या हाताने गळती कधीच चाचपायची नाही. या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर न थांबता हॉस्पिटल गाठायचं. नट सैल केल्यावर इंजिनचा आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच आळशी. आता त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पुन्हा तपासा. दोष नोझलबरोबर गेला तर नोझल, जागेवरच राहिला तर पंपाचा तो प्लंजर, डिलिव्हरी व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन. नोझल टेस्टरवर धुक्यासारखा बारीक फवारा आणि कडक करकर आवाज हवा. टोकाशी थेंब लटकला तर ते टपकतंय आणि टपकणारं नोझल पिस्टन जाळतं. खालचा तांब्याचा वॉशर नवा घाला, पण एकच. दोन घातले की नोझल वर उचललं जातं आणि फवाऱ्याची जागा चुकते.

हे सगळं बघून झालं, टाकी साफ, लाइन हवाबंद, फीड पंपाची धार जोरकस, ओव्हरफ्लो नवा, नोझल तपासलेली, आणि तरीही गरम इंजिन घेत नाही, चढाला ताकद नाही, तर मात्र पंपाची पाळी आली. गरम झालेलं डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या प्लंजरच्या बाजूने निसटतं, म्हणून दोष गरम असताना उघडा पडतो. पंप उतरवण्याआधी कपलिंगवरच्या टायमिंगच्या खुणा रंगाने ठळक करा आणि उघडी सगळी तोंडं स्वच्छ टोप्यांनी बंद करा. पंप टेस्ट बेंच असलेल्या ठिकाणीच द्या आणि ताकद कमी वाटते म्हणून डिझेल वाढवायचा सीलबंद स्क्रू फिरवू देऊ नका. त्याने धूर वाढतो, सायलेन्सर तापतो, पिस्टन जातं आणि पीयूसीही. परत घेताना प्रत्येक सिलिंडरचं मोजलेलं डिझेल कागदावर लिहून घ्या, बदललेले जुने भाग मागून घ्या. पंप बसवल्यावर पुन्हा फिल्टरपासून क्रमाने हवा काढा, गाडी अर्धा तास भरल्या वजनावर चालवा आणि रात्रभर उभी करून सकाळी पहिल्या सेल्फला घेते का ते बघा. सकाळी खूप वेळ सेल्फ मारावा लागला तर नव्याने बसवलेले वॉशर एकदा तपासून आवळा.